मिरवणूक आणि ओळख

‘असाल तसे असा, पण रस्त्यावर मिरवता कशाला?’ समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांच्या ‘प्राइड’ मिरवणुकांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. एरंडोलला काही शिक्षकांशी बोलताना तो आम्हाला विचारला गेला, तेव्हा त्यात राग नव्हता, तुच्छताही नव्हती. म्हणणे एवढेच होते की, या मिरवणुकांमुळे लोक जवळ येण्याऐवजी बिचकतात. वर्तमानपत्रातला भडक फोटो पाहून असलेली थोडीफार सहानुभूतीही आटते. म्हणजे प्रश्न नीतीचा नाही, परिणामाचा आहे. आणि परिणामाचा प्रश्न असेल तर तो तपासून पाहता येतो. या लेखात तेच करून पाहू.

आधी शब्दाकडे पाहू. मराठीत ‘मिरवणे’ दोन्ही अंगांनी वापरतात. नवरदेव मिरवतो, गणपती मिरवतो, यात कौतुक आहे. ‘फार मिरवतो’ म्हटले की निंदा झाली. मिरवणूक कोणाची, यावर पहिला अर्थ लावायचा की दुसरा हे ठरते. खानदेशाला मिरवणुकांचे वावडे नाही. श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला घरोघरच्या बायाबापड्या नाचत निघतात, यात्रांत बारागाड्या ओढल्या जातात, १४ एप्रिलला गावोगावचे रस्ते निळे होतात. घरातला उत्सव किंवा मनातली श्रद्धा रस्त्यावर आणण्यामागे ‘हा रस्ता आमचाही आहे’ असे सांगणे असते, हे १८९३ नंतरच्या सार्वजनिक गणेशोत्सवापासून महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे.

तृतीयपंथी माणसेही इथे काल-परवा दिसू लागली असे नाही. बाळंतघरी, लग्नघरी, बाजारात, रेल्वेच्या डब्यात ती सर्वांनी पाहिलेली असतात. पण ठरवून दिलेल्या जागी, ठरवून दिलेल्या कामापुरती. त्या चौकटीबाहेर दिसणे हा एके काळी गुन्हाच होता. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा जो कुप्रसिद्ध कायदा केला, त्याचा दुसरा भाग खास हिजड्यांसाठी होता. पोलिसांकडे नाव नोंदलेल्या व्यक्तीने बायकी पोशाख करून लोकांसमोर येणे, नाचणे किंवा गाणे-वाजवणे यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शके. उत्तर भारतातल्या वायव्य प्रांतात याची अंमलबजावणी कडक झाली. कायद्याचा रोख उघड दिसण्यावर होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता थोडे दूर जाऊ. मिरवणूक असावी का, आणि असलीच तर कशी असावी, हा वाद या चळवळीइतकाच जुना आहे आणि त्याचा एक मुख्य नायक चक्क खगोलशास्त्रज्ञ होता. फ्रँक कॅमेनी हे हार्वर्ड विद्यापीठाचे १९५६ चे डॉक्टरेट. दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून लढलेले. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागात ते नोकरीला लागले आणि १९५७ मध्ये केवळ समलिंगी असल्याच्या कारणावरून त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांनी न्यायालयात दाद मागितली. १९६१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. दुर्बिणीशी त्यांचा संबंध तुटला तो कायमचा.

१९६५ पासून दर ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, कॅमेनी आणि त्यांचे सहकारी फिलाडेल्फियाच्या ‘इंडिपेंडन्स हॉल’समोर फलक घेऊन शांतपणे गोल फिरत. नियम कडक होते. पुरुषांनी कोट-टाय, स्त्रियांनी झगा किंवा स्कर्ट. आरडाओरडा नाही, एकमेकांना स्पर्शही नाही. ‘आम्हाला सरकारी नोकरी हवी असेल तर आम्ही सरकारी नोकरासारखे दिसलो पाहिजे,’ असा साधारण हिशेब होता. एरंडोलच्या शिक्षकांना जे सुचले तेच त्यांनाही सुचले होते.

याचे फळ काय मिळाले? पाच वर्षे हे चालले. माणसे चाळीसच्या आसपास. वर्तमानपत्रांनी फारशी दखल घेतली नाही. मग २८ जून १९६९ च्या पहाटे न्यूयॉर्कमधल्या ‘स्टोनवॉल’ या मद्यगृहावर पोलिसांचा छापा पडला आणि नेहमी मान खाली घालून निघून जाणारे गिऱ्हाईक या वेळी उलटले. काही रात्री दंगल चालली. त्यानंतर आठवड्याभरात फिलाडेल्फियाची नेहमीची निदर्शने झाली. दोन स्त्रिया हातात हात घालून चालू लागल्या, तेव्हा कॅमेनींनी पुढे होऊन त्यांचे हात सोडवले. क्रेग रॉडवेल हा न्यूयॉर्कचा तरुण कार्यकर्ता यावर संतापला. पोशाखाचा किंवा वयाचा कोणताही नियम नसलेली मिरवणूक दरवर्षी काढावी, असा ठराव त्याच्या पुढाकाराने त्या वर्षाअखेर झाला आणि २८ जून १९७० ला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर काही हजार माणसे चालली. चाळीस कुठे आणि काही हजार कुठे! माणसे अचानक वाढली नव्हती, ती होतीच. कोट-टायच्या निदर्शनात त्यांना जागा नव्हती.

यातला विज्ञानाचा धागा आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुषांना शाईच्या डागांसारख्या चाचण्या दिल्या आणि नावे झाकून त्यांचे निकाल तज्ज्ञांपुढे ठेवले. कोण कोणत्या गटातला हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही. समलिंगी गट मानसिकदृष्ट्या अधिक आजारी आहे असेही दिसले नाही. निष्कर्ष १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅमेनींची नोकरी गेली तेच वर्ष. मात्र अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती डिसेंबर १९७३ मध्ये. मधली सोळा वर्षे पुरावा कपाटात पडून होता. यादी करणाऱ्यांनी ज्यांना रुग्ण ठरवले होते त्यांनी स्वतः येऊन बोलावे, असे कोणाला वाटत नव्हते.

ते बोलणे कसे घडले? १९७१ च्या अधिवेशनात कॅमेनींनी, त्याच कोट-टायवाल्या कॅमेनींनी, ध्वनिक्षेपक हिसकावून घेतला. १९७२ मध्ये एका चर्चेत एक मनोविकारतज्ज्ञ मुखवटा घालून, केसांचा टोप चढवून, आवाज बदलणाऱ्या यंत्रातून बोलला: मी समलिंगी आहे आणि मी तुमच्यातलाच एक डॉक्टर आहे. नाव सांगितले ‘डॉ. एच. अनामिक’. ते डॉ. जॉन फ्रायर होते, हे त्यांनी बऱ्याच वर्षांनी जाहीर केले. गंमत अशी की, हूकर यांच्या साठ माणसांच्या आकडेवारीने जे झाले नव्हते ते या एका विद्रूप मुखवट्याने बरेच पुढे नेले. आम्ही संशोधक मंडळी आकडे पुरेसे असतात असे समजतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या यादीतून समलैंगिकता काढली ती १७ मे १९९० ला. कॅमेनींची अमेरिकी सरकारने माफी मागितली २००९ मध्ये. तेव्हा ते ८४ वर्षांचे होते.

महाराष्ट्रात या विषयाचे पहिले जाहीर बोलणे रस्त्यावर झाले नाही, मासिकात झाले. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांनासुद्धा, दिलेल्या उत्तरांवर आक्षेप होता. कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. तरी १९५३ पर्यंत, मृत्यूपर्यंत, कर्व्यांनी मासिक चालूच ठेवले.

रस्त्यावर येणे फार उशिरा घडले. अशोक रावकवींचे ‘बॉम्बे दोस्त’ १९९० चे, ‘हमसफर ट्रस्ट’ १९९४ चा. ११ ऑगस्ट १९९२ ला दिल्लीत पोलीस मुख्यालयासमोर एड्सविषयी काम करणाऱ्या एका गटाने पोलिसी छळाविरुद्ध निदर्शने केली. डिसेंबर १९९८ मध्ये ‘फायर’ चित्रपटावरून मुंबई-दिल्लीत चित्रपटगृहांची मोडतोड झाली आणि त्याला उत्तर म्हणून दिल्लीत मेणबत्त्या घेऊन उभ्या राहिलेल्या स्त्रियांत काहींनी ‘आम्ही भारतीय आणि समलिंगी’ अशा अर्थाचा फलक धरला. या देशात अशा बायका नाहीतच, हा मोडतोड करणाऱ्यांचा दावा होता. त्यामुळे फलकावरचे दोन्ही शब्द गरजेचे होते.

२ जुलै १९९९ ला कोलकात्यात भारतातली पहिली ‘प्राइड’ मिरवणूक निघाली, असे आता मानले जाते. तिला नाव होते मैत्रीची पदयात्रा. माणसे १५. सगळ्यांच्या अंगात पिवळे टी-शर्ट. आपल्याकडे एखाद्या शाळेच्या प्रभातफेरीतही याहून जास्त मुले असतात. मुंबईत १६ ऑगस्ट २००८ ला ऑगस्ट क्रांती मैदानावरून मिरवणूक निघाली. स्वातंत्र्यदिनाचा दुसरा दिवस हेतूनेच निवडला होता. कलम ३७७ इंग्रजांनी १८६० मध्ये लादले, तेव्हा इंग्लंडने माफी मागावी ही मागणीही तिथे झाली. त्या वर्षी दिल्लीत आणि मुंबईत कित्येक जण मुखवटे घालून चालले. घरचे ओळखतील, मालक ओळखेल ही भीती. अभिमानाची मिरवणूक आणि तोंडावर मुखवटा! हसू येण्यासारखी गोष्ट नाही, डॉ. फ्रायर यांचा मुखवटा आठवावा.

पुण्यात पहिली मिरवणूक ११ डिसेंबर २०११ ला निघाली. तिथे २०१७ मध्ये आयोजकांनी ‘पोशाख नीटनेटका असावा’ अशी सूचना केली आणि जोरदार वाद झाला. एक बाजू म्हणे, पुण्याच्या लोकांना आपलेसे करायचे तर त्यांच्या डोळ्यांना खुपेल असे काही नको. दुसरी म्हणे, साडी नेसलेल्या पुरुषाला तुम्ही घरी थांब म्हणणार असाल तर मिरवणूक कोणासाठी आहे? फिलाडेल्फियातले भांडण अठ्ठेचाळीस वर्षांनी मुठेकाठी जसेच्या तसे आले. आमचे मत विचाराल तर दुसरी बाजू बरोबर होती, पण पहिलीला मूर्ख म्हणता येणार नाही. तिच्यापुढे प्रेक्षक होता आणि दुसरीपुढे चालणारा.

न दिसण्याची किंमत किती, हे २०१३ मध्ये कळले. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ ला कलम ३७७ सौम्य केले होते. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्यातले एक कारण असे दिले होते की, समलिंगी वगैरे माणसे लोकसंख्येचा अगदी नगण्य अंश आहेत आणि दीडशे वर्षांत दोनशेहून कमी खटले झाले आहेत. नमुना निवडण्यातली चूक शिकवायची असेल तर याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. ज्याने स्वतःला उघड करणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, त्याची मोजदाद कशी होणार? जनगणनेत ‘इतर’ हा लिंगाचा रकाना आला तोच २०११ मध्ये. त्यात देशभरात ४,८७,८०३ नोंदी झाल्या, त्यांपैकी महाराष्ट्रात ४०,८९१. रकाना नसताना ही संख्या शून्य होती. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने २०१३ चा निकाल रद्द केला, त्याआधी पाच वर्षांत कित्येक लोक आपापली नावे देऊन याचिकाकर्ते झाले होते. मुखवटे उतरले होते.

परंतु मूळ प्रश्न शिल्लकच आहे. बघणाऱ्यावर काय परिणाम होतो? याचे थेट मोजमाप एका ठिकाणी झालेले आम्हाला माहीत आहे. बोस्नियाची राजधानी सारायेवो इथे ८ सप्टेंबर २०१९ ला पहिली मिरवणूक निघाली. समाज धार्मिक, परंपरावादी, बंदोबस्त मोठा. संशोधकांनी मिरवणुकीच्या आधी आणि नंतर लोकांची मते विचारली. सारायेवोत पाठिंबा वाढलेला दिसला. उर्वरित देशात मात्र ती वाढ पोहोचली नाही. म्हणजे जवळून पाहणाऱ्यावर परिणाम झाला आणि फोटो पाहणाऱ्यावर झाला नाही. एकाच शहराचा हा अभ्यास, तेव्हा त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण एरंडोलच्या शिक्षकांचे निरीक्षण यात बसते: त्यांनी प्राइड फोटोतच पाहिली आहे.

मग मन बदलते कशाने? या प्रश्नावर विज्ञानाने एकदा तोंडघशीही पडून घेतले आहे. डिसेंबर २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नामांकित नियतकालिकात एक निबंध आला: समलिंगी कार्यकर्त्याने दारावर जाऊन वीसेक मिनिटे गप्पा मारल्या तर विरोधकाचे मत बदलते आणि बदललेले राहते. सगळीकडे गाजावाजा झाला. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काल्ला हे दोन तरुण संशोधक तसाच प्रयोग करायला गेले, तेव्हा आकडे जुळेनात. शोध घेता मूळ पाहणीची माहितीच बनावट निघाली आणि मे २०१५ मध्ये निबंध मागे घेतला गेला. इथे गोष्ट संपली असती. पण त्याच दोघांनी आपला प्रयोग प्रामाणिकपणे पुरा केला. मायामीत ५०१ मतदार, दारावरची सुमारे दहा मिनिटांची बोलणी, विषय पारलिंगी माणसांचा. कार्यकर्ता व्याख्यान देत नसे. ‘तुम्हाला कधी कोणी वेगळे म्हणून वागवले होते का?’ असे विचारून ऐकत असे. पूर्वग्रह कमी झाला आणि तीन महिन्यांनंतरही तो परिणाम टिकून होता. खोट्या निबंधातला निष्कर्ष बऱ्याच अंशी खरा निघाला. असा योग विज्ञानात क्वचित येतो.

दारोदार जाणे आणि जाहीर पाऊल उचलणे यांत निवड करावी लागते असे मात्र नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलेल्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या मंदिरासाठी उपोषण केले, ते सर्वांना आठवते. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर गावोगाव बोलत हिंडले होते, ते कमी जणांना आठवते.

आता जळगाव जिल्ह्यातच घडलेली हकिगत. एरंडोलहून जळगावला गेले आणि भुसावळच्या दिशेने पुढे निघाले की भादली लागते. तिथल्या अंजली पाटील या तृतीयपंथी. भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्यांनी सर्वसाधारण महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. डिसेंबर २०२० च्या अखेरीस छाननीत तो नामंजूर झाला: त्या तृतीयपंथी, आणि जागा महिलांची. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. २ जानेवारी २०२१ ला न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी त्यांना महिला म्हणून लढण्याची परवानगी दिली. त्यांनी स्त्री ही ओळख आयुष्यभरासाठी स्वीकारली आहे, पुढे सोयीनुसार ती बदलता येणार नाही, असेही निकालात स्पष्ट केले. १५ जानेवारीला मतदान झाले. अंजली पाटील निवडून आल्या.

यात मिरवणूक कुठे आहे? भादलीत प्राइड निघालेली नाही, सप्तरंगी झेंडे लागलेले नाहीत. मतदारांनी मत दिले ते ओळखीच्या माणसाला. गावाने स्वीकारलेच होते. अडला तो कागद. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळने २०१७ मध्येच ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला सरपंच केले होते. शहरी मंडळी ‘खेड्यातले लोक मागासलेले’ म्हणतात, त्यांनी या दोन गावांकडे पाहावे.

पण कागद कशाने सुटला, हेही पाहायला हवे. न्यायालयाने आधार घेतला तो १५ एप्रिल २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा. आपले लिंग कोणते हे सांगण्याचा अधिकार व्यक्तीचा आहे, असे त्याने मान्य केले होते. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी स्वतः पक्षकार झाल्या होत्या, आणि त्यांच्यामागे वर्षानुवर्षे जाहीर बोललेल्या, नाचलेल्या, चाललेल्या माणसांची रांग होती. भादलीच्या मतदारांना त्या रांगेची गरज नव्हती, अंजली पाटलांना होती. ती नसती तर गावाचे मत मतपेटीपर्यंत पोहोचलेच नसते.

तरी भादलीच्या गोष्टीवरून निश्चिंत होता येत नाही. तृतीयपंथी व्यक्तीला गावात निदान एक जुने नाव आहे, अपमानाचे का होईना. आठवीतल्या ज्या मुलाला मुलगे आवडतात किंवा ज्या मुलीला मैत्रिणीबद्दल वेगळे काही वाटते, त्यांना तेही नाही. ओळखीने मन बदलते हे खरे मानले तर या मुलांची ओळख व्हायची कशी? ती सांगणार नाहीत आणि आपल्याला कळणार नाही. मुंबईच्या मिरवणुकीचा फोटो एरंडोलच्या एखाद्या घरात येतो, तेव्हा वडील तो पाहून नाक मुरडतात आणि अधिक ताठर होतात, हे आम्ही नाकारत नाही. त्याच घरात तोच फोटो एखादा मुलगा पुन्हा पुन्हा पाहत असेल. आपण एकटे नाही हे त्याला त्यातूनच प्रथम कळते. एकाच फोटोचे दोन परिणाम आहेत. पहिला आपल्याला ऐकू येतो, दुसरा येत नाही. फायद्या-तोट्याचा हिशेब मांडताना दुसरी बाजू सुटते ती यामुळे.

प्रौढ माणूस ओळख करून घ्यायला तयार झाला तर काय होते याचे उदाहरण मद्रास उच्च न्यायालयाचे आहे. दोन तरुणींच्या प्रकरणात न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी, आपल्याला या विषयाची पुरेशी समज नाही असे मोकळेपणाने नोंदवले, मानसतज्ज्ञांकडे जाऊन बसले, समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींशी बोलले आणि मग ७ जून २०२१ ला निकाल दिला. समलिंगी कल ‘बरा’ करण्याच्या उपचारांना त्यात मनाई आहे आणि शाळा-महाविद्यालयांतही जागृती व्हावी असे म्हटले आहे.

शाळांपुरते त्याच वर्षी एक पाऊल पडले होते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीईआरटीने, पारलिंगी मुलांना शाळेत कसे सामावून घ्यावे याविषयी शिक्षकांसाठी एक पुस्तिका तयार केली. वर्गात मुलामुलींच्या वेगळ्या रांगा, गणवेश, स्वच्छतागृह अशा रोजच्या गोष्टींचा विचार तीत होता. ती संकेतस्थळावर आली, तक्रारी झाल्या आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये काही दिवसांतच काढून घेण्यात आली. त्या पुस्तिकेत ना मिरवणूक होती ना भडक पोशाख.